पोटात गेला तरी चालेल असा रंग

आधीच सांगून टाकते, मला शाईस्ताताई आवडत न्हवती. गावात समद्यांना म्हाईत हाय, मंग लपवून काय करू? अंगणवाडीत मदतनीस म्हणून मी सतरा वर्षं खिचडी शिजवली, झाडलोट केली, पोरांची नाकं पुसली. आधीची सेविका चंद्रभागाबाई निवृत्त झाली तवा त्या जागेवर माझ्या सुनंनं, वैष्णवीनं, अर्ज केलता. बारावी पास पोरगी. आन् जागा मिळाली कुणाला? फाट्यावर मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या आमेरच्या बायकूला. तिला मार्क जास्त व्हते म्हणे. असतील. मार्कावर काय खिचडी शिजती का?

पहिल्या दिवशी ती दारात चपला काढून आत आली आन् म्हणाली, "छबुमावशी, तुमी मला शिकवा."

मी म्हणलं, "शिकायचं काय त्यात? पोरं बसवायची, गाणं म्हणायचं, मोबाईलवर हजेरी टाकायची, खिचडी वाढायची, घरी धाडायची."

ती नुसती हसली. त्या हसण्याचा मला लई राग यायचा. पंचवीस-सव्वीसची पोरगी, अंगानं काडी, आवाज असा की मागच्या पोराला ऐकू जायचा न्हाई. पण एकदा न्हाई म्हणली की न्हाई. सरपंचाला सुद्धा न्हाई म्हणायची, आन् तसंच हसत.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत हाय. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, त्यात माझा ल्योक सुरज बी. बैलजोडी, गाडी, समदं घेऊन. मंग पटावरची निम्मी पोरं बी जातेत. ज्या पोरांना जायचंय त्यांना चार महिने तरी धड काही मिळू द्या, असं ती म्हणायची. आन् त्यातनंच राखीपुनवंनंतर तिच्या डोक्यात रंगकोपऱ्याचं खूळ शिरलं.

खोलीत खिडकीखाली एक कोपरा व्हता. तिथं मी तांदळाची पोती ठेवायची. ती म्हणाली, "मावशी, पोती तिकडं हलवू. इथं उजेड हाय. इथं पोरं रंगात हात घालतील."

"कधी?"

"त्यांना वाटंल तवा."

"आन् काढायचं काय?"

"त्यांना वाटंल ते. आपण सांगायचं न्हाई."

आता घ्या! सतरा वर्षं आमी पोरांना एका जागी बसायला शिकवलं, आन् ही बया म्हणती उठा. पण सेविका ती, मदतनीस मी. हलवली पोती. कंबर धरली दोन दिवस.

तिची आई आमिनाबी चौसाळ्यात फळांचा गाडा लावती. तिनं सफरचंदाच्या चार लाकडी पेट्या धाडल्या. आमेरनं एका रविवारी बसून त्या पॉलिशपेपरनं घासल्या, खिळे ठोकून आत दाबले, वरून बोट फिरवून फिरवून बघितलं, कुठं कुसळ टोचतं का. मंग पेटीवर पेटी ठेवून फळी केली. माझ्या गुडघ्याएवढीच उंच. भिंतीला एक सुतळी बांधली, चित्रं वाळत घालायला, ती बी माझ्या कंबरंच्या खाली. मी म्हणलं, "ताई, जरा वर बांधा की. साहेब लोक येतेत, त्यांना दिसाया पाहिजे."

"साहेब लोक कुठं चित्रं काढतेत, मावशी?"

खाली अंथरायला मी घरनं खताच्या गोण्या आणल्या. तीनदा धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या. तिनं हात लावून बघितलं आन् घडी घालून माझ्याकडं परत दिल्या. "ह्या न्हाई चालायच्या. पोरं ह्याच्यावर बसतील, तोच हात तोंडात घालतील."

"अवो, तीनदा धुतल्यात!"

"दहादा धुवा. खताची ती खताचीच."

त्या दिवशी मी दिवसभर तिच्याशी बोलले न्हाई. तिनं किराणावाल्याकडनं साखरंची पोती आणली, उसवून शिवली, अंथरली. मला तिचा एवढा संताप आलता की खिचडीत मीठ घालायचं इसरले.

आन् रंगाचं तर इचारूच नका. दुकानातल्या रंगाची एक डबी तिनं घेतली न्हाई. तिचा एकच कायदा व्हता, तो तिनं खडूनं फळीच्या वर लिहून ठेवलता. जे पोटात गेलं तरी चालंल, तेच या फळीवर. म्हणाली, "मावशी, तीन वर्षांच्या लेकराला शंभरदा सांगितलं तोंडात घालू नको, तरी ते घालणारच. मंग सांगून काय फायदा? रंगच असा करू की घातलं तर घातलं."

हळदीचा पिवळा. पालक वाटून हिरवा. सटवाच्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलांचा निळा. चहाचा चोथा उकळून तपकिरी. जराशी कणीक घालून घट्ट करायची, करवंटीत ओतायची. कुंचले म्हणून कडूलिंबाच्या काड्या, टोक ठेचून. भेंडीचं डोकं कापून ठसा. अंगावर घालायला बापांचे जुने सदरे, उलटे, पाठीमागं गुंड्या. आन् रोज सकाळी पोरं यायच्या आधी ही बाई प्रत्येक करवंटीत बोट बुडवायची आन् चाटायची. लवकर आलेली पोरं दारात उभी राहून बघायची, तर ती त्यांना जीभ काढून दाखवायची. पिवळी, मंग हिरवी, मंग काळी-निळी. पोरं खिदळायची. मी घरी जाऊन वैष्णवीला सांगायची, "येडी हाय गं तुझ्या जागेवरची."

पण खोटं कशाला बोलू, पोरं बदलली. हरिबाचा नातू सहा महिने कोपऱ्यात बसून रडायचा, तो आल्या आल्या सदरा मागायला लागला. आन् सुंदररावांची नात ईश्वरी, साडेतीन वर्षांची, घरात लाडानं बिघडलेली, इथं स्वतःच्या हातानं करवंटी धुवायला लागली. सुंदरराव म्हंजे गावातलं वजनदार माणूस, त्यांच्या शब्दावर गावात पान हालतं. त्यांची बायकू तुळजाबाई एकदा मुद्दाम बघायला आली. कमरंवर हात ठेवून समदं बघितलं आन् म्हणाली, "छबे, समदे रंग हायेत, लालच न्हाई व्हय गं? बिनकुंकवाच्या कपाळावाणी दिसतंय."

मला लागलं ते. लाल खरंच न्हवता. बीट उकळून करायचो, पण तो फिका गुलाबी, आन् दुसऱ्या दिवशी मातकट. मी कुंकू आणते म्हणलं, तर ताई म्हणाली, बाजारच्या कुंकवात काय घालतेत ते आपल्याला म्हाईत न्हाई. अम्मीला सांगून चौसाळ्याहून जिलेबीत घालायचा खायचा लाल मागवते म्हणाली, पण त्या आठवड्यात जमलं न्हाई.

आन् बुधवारी पर्यवेक्षिका मॅडम येणार व्हत्या. अख्ख्या सर्कलमधल्या अंगणवाड्यांचे फोटो वर पाठवायचे व्हते.

बुधवारी सकाळी ताईनं नेहमीसारखे रंग चाटले. बीटाचा चाटून तोंड वाकडं केलं, म्हणाली, "आंबला न्हाई, पण दिसतो कसातरीच. असू द्या." आन् मॅडमना घ्यायला फाट्यावर गेली. जाताना म्हणाली, "मावशी, फळीकडं लक्ष ठेवा."

मी लक्षच ठेवलं. त्या मातकट करवंटीकडं बघत बसले. मॅडम येणार, फोटो काढणार, आन् आमचा लाल असा. सतरा वर्षांत माझ्या कामाचा एक फोटो कुणी काढला न्हवता. मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातानं नीट करावं.

पोळा होऊन पंधरा दिवस झालते. बैलांच्या शिंगांना लावून उरलेली रंगाची अर्धी पुडी आमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात व्हती. घर अंगणवाडीच्या पाठीमागंच. गेले, आणली, चिमूटभर टाकली, लिंबाच्या काडीनं ढवळली. काय लाल उठला म्हणून सांगू! आजून चिमूटभर टाकली.

कायदा मला म्हाईत न्हवता असं न्हाई. रोज वाचायची. पण माझ्या डोक्यात हेच आलं, की दर पोळ्याला आमी शिंगं रंगवतो, बैल एकमेकांची शिंगं चाटतेत, मान घासतेत, कधी कोणता बैल दगावला? बैल म्हंजे घरची लक्ष्मी, तिच्या अंगाला लावायचा रंग, तो काय वाईट असंल? आता कुणी म्हणलं तर म्हणू दे अडाणी. मला तवा ते खरं वाटलं.

मॅडम आल्या. फळीपाशी गुडघ्यावर बसल्या, बाई! म्हणाल्या, "लाल फार छान उतरलाय. कशाचा केला?"

ताईनं वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य दिसलं. मंग माझ्याकडं बघून म्हणाली, "बीटाचा, मॅडम. मावशींनी परत आटवला असंल. मावशींच्या हाताला गुण हाय."

मॅडमनी माझा फोटो काढला, हातात करवंटी घेऊन. त्या येळंला सांगायला पाहिजे व्हतं. तोंडापर्यंत आलतं. पण मॅडम हसत व्हत्या, ताई हसत व्हती, आन् मी बी हसले.

पोरं लालवर तुटून पडली. ईश्वरी तर हलंचना. बोट बुडवून कागदावर फिरवायची, आन् मंग तेच बोट ओठांवर. तिची काकू लाली लावती तशी, वरचा ओठ, खालचा ओठ, मंग जिभंनं पुसायचं, परत लावायचं. मी बघितलं. मला हसू आलं. मी म्हणलं, "बघा बघा, नवरी बघा." हे मी माझ्या तोंडानं म्हणलं.

साडेबाराला खिचडी झाली, पोरं घरी गेली, ताई बी गेली. उरलेले रंग ती झाकून ठेवायची, आंबले तरच फेकायची.

दोनच्या सुमारास मी घरात भांडी घासत व्हते, तर वैष्णवी पळत आली. "आत्या, ईश्वरीला उलट्या व्हायल्यात. लालभडक. लोक म्हणतेत रक्त हाय. जीपमधी घालून चौसाळ्याला नेली. तुळजाबाई छाती बडवत गेल्या."

माझ्या हातातलं ताट पडलं. मला रक्ताचं काही वाटलं न्हाई. मला लालभडक ह्या शब्दाची भीती वाटली. मी एकदम खाली बसले आन् तिला समदं सांगून टाकलं. दुसरं कुणाला सांगणार?

वैष्णवीनं दार पुढं केलं. "कुणी बघितलं का तुमाला टाकताना?"

"न्हाई."

"मंग गप ऱ्हावा. उलट्या तर पोरांना व्हतच ऱ्हातेत. होईल बरी." आन् हळूच म्हणाली, "रंगाचं खूळ तिचं. जाब तिला इचारतील. तिची नोकरी गेली तर जागा मोकळी व्हती, आत्या."

देवाशपथ सांगते, मी तिला शिवी दिली न्हाई. द्यायला पाहिजे व्हती. मी गप बसले, कारण तोच इचार माझ्या मनात तिच्या आधी येऊन गेलता.

तीन वाजता अंगणवाडीपुढं आरडाओरडा सुरू झाला. मी गेले. न जाऊन सांगू कुणाला? चाळीस-पन्नास माणूस व्हतं. सुंदरराव पायरीवर उभे, कानाला फोन, चेहरा काळवंडलेला. ताईला घरनं बोलावून आणलं व्हतं. एकटीच आलती, आमेर स्पेअर पार्ट आणायला बीडला गेलता. डोक्यावरचा पदर हातानं गच्च धरलेला.

कुणी काय, कुणी काय बोलत व्हतं. सटवा मागनं ओरडला, "कुणाच्या हातात लेकरं दिली आपण? कावून दिली?" त्याच्या बोलण्यातला रोख समद्यांना कळला. ह्याच सटवाच्या कुंपणावरची फुलं ताई रोज सकाळी तोडायची, आन् जाताना त्याच्या आंधळ्या आईला चहा करून द्यायची. मला बोलायला तोंडच न्हवतं.

सुंदररावांनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडं डॉक्टर व्हते. "मुलीनं काय खाल्लं ते मला नक्की सांगा. त्या रंगात काय होतं?"

ताई पुढं झाली. आवाज बारीक, पण थरथर न्हाई. "हळद, पालक, गोकर्णीची फुलं, चहा, बीट आन् कणीक. बाकी काही न्हाई, डॉक्टर."

"लाल कशाचा?"

"बीटाचा."

"केमिकल, दुकानातला रंग, काही?"

"न्हाई. मी रोज स्वतः चाटून बघते. आज बी बघितला."

"मग एवढं घाबरायचं कारण नाही. बीटानं उलटी लाल दिसते. उलट्या थांबल्यात, सलाईन संपलं की संध्याकाळी घरी न्या."

लोक जरा सैल पडले. डॉक्टर घरी न्या म्हणत व्हता ते ताईच्या शब्दावर. आन् ताईचा शब्द माझ्यामुळं खोटा व्हता, आन् तिला ते म्हाईत न्हवतं. पोरीच्या पोटात काय हाय ते अख्ख्या गावात दोघींना ठाऊक. एक घरात दार लावून बसलेली, आन् एक मी. मला वाटत व्हतं, बोल रांडं, बोल.

सुंदरराव म्हणाले, "बीटानं पोरगी एवढी गळून पडती का? तू म्हणशील ते आमी मानायचं? पुरावा काय?"

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. मंग वळून आत गेली. लोक दारात लोटले. ती त्या रंगकोपऱ्यात, पोरांच्या साखरंच्या पोत्यावर मांडी घालून बसली. फळीवरनं पिवळ्याची करवंटी घेतली, झाकण काढलं, आन् तोंडाला लावून प्यायली. अख्खी. हळदीचं कच्चं पीठ-पाणी, गळ्यात अडकत व्हतं, तरी प्यायली. करवंटी उलटी करून खाली ठेवली.

हिरवी घेतली. ती बी प्यायली. हनुवटीवरनं हिरवे ओघळ आले, ते पदरानं पुसले. निळी घेतली. मधीच उमासा आला, तोंड दाबून धरलं, गिळलं. पाठीमागं कुणी तरी बाई म्हणाली, "बास कर गं पोरी, बास." ती थांबली न्हाई. तपकिरी घेतली.

आन् मी बघत व्हते. प्रत्येक करवंटीनंतर एकच उरत चाललती. मनात म्हणत व्हते, लाल राहू दे, लालच्या आधी कुणी तरी हिला थांबवू दे. सुंदरराव, सटवा, कुणी बी. कुणी हाललं न्हाई.

तिनं लाल उचलली. झाकण काढलं. भरून व्हती निम्मी. माझ्याकडं बघितलं, आन् काय सांगू तुमाला, ती माझ्याकडं बघून हसली. एवढ्या माणसात तिला आपलं वाटावं असं एकच माणूस दिसलं असंल. मी.

करवंटी तिच्या ओठाला लागली.

मी कशी गेले, कुणाच्या पायावर पाय दिला, मला म्हाईत न्हाई. मी तिच्या हातावर असा फटका मारला की करवंटी भिंतीवर जाऊन फुटली. लाल रंग भिंतीवर, वाळत घातलेल्या चित्रांवर, तिच्या अंगावर, माझ्या अंगावर. मी ओरडले, "पिऊ नको! तो पिऊ नको! बैलाच्या शिंगाचा रंग हाय त्यात. मी टाकला. सकाळी मी टाकला!"

सुंदररावांचा फोन अजून चालूच व्हता. डॉक्टरनं ऐकलं. आवाज एकदम बदलला. "कोणता रंग? पुडी आहे का? मुलीला घरी नेऊ नका, मी आत्ताच बीडला पाठवतो. पुडी घेऊन या. लगेच!"

मी गोठ्याकडं पळाले. माझ्या मागं निम्मं गाव पळत व्हतं. पुडी काढली, तिच्यावर नुसतं बैलाचं चित्र, दुसरं एक अक्षर न्हवतं. सटवानं ती माझ्या हातातनं हिसकली आन् मोटारसायकलवर बीडला गेला. जाता जाता माझ्याकडं थुंकला. थुंकू दे.

मी परत आले तवा ताई त्याच पोत्यावर बसलेली व्हती, भिंतीला टेकून. बायकांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं व्हतं. मी पुढं बसले. मला वाटलं मारंल. मारावं असं वाटत व्हतं. ती म्हणाली, "मावशी, डॉक्टरला मी न्हाई म्हणून सांगितलं. लेकरू घरी आणलं असतं त्यांनी." आन् मंग ती रडली. एवढा येळ न रडलेली बाई हमसून हमसून रडली, आन् मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला.

ईश्वरी पाच दिवस बीडला व्हती. बाकीच्या पोरांना बी तपासून आणलं, त्यांना काही झालं न्हवतं. ताई रोज बीडला जाऊन यायची. तुळजाबाईनं पहिल्या दिवशी तिला आत येऊ दिलं न्हाई, दुसऱ्या दिवशी येऊ दिलं. पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी घरी नेली असती तर सांगता येत न्हवतं. असल्या रंगात काय काय असतं, ते पोटात ऱ्हायलं की आतनं खातं.

चौकशी लागली. ताईनं जबाब लिहिला आन् सही करायच्या आधी मला वाचून दाखवला. रंग मदतनीस छबुबाई यांनी माझ्या गैरहजेरीत मिसळला. त्यांनी ते सर्वांसमोर स्वतः कबूल केलं. आन् त्याच्या खाली लिहिलेलं, रंग बदललेला मला दिसला होता, तरी मी तो पुन्हा चाटून पाहिला नाही. ही माझी चूक.

मी म्हणलं, "शेवटचं कावून लिहिता? कुणाला म्हाईत हाय?"

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"ताई, मला माफ करा."

तिनं कागदाची घडी घातली. "आज न्हाई व्हणार मावशी. खोटं कशाला बोलू? पण उद्या येळंवर या. भिंत घासायची हाय."

दोघींना लेखी समज मिळाली. मला काढतील असं वाटलं व्हतं, काढलं न्हाई. वैष्णवी महिनाभर माझ्याशी बोलली न्हाई. न बोलू दे. भिंत मी घासली, तीन दिवस. समदा निघाला न्हाई. खिडकीखाली एक लाल डाग तसाच हाय, चुना लावला तरी वर येतो.

रंगकोपरा पंधरा दिवस झाकून व्हता. मंग ताईनं परत उघडला. तीन पोरं आली. दुसऱ्या दिवशी पाच. आयांचं बी खरंच हाय, त्यांचं तरी काय चुकलं?

आन् एका सकाळी तुळजाबाई ईश्वरीचं बोट धरून दारात आली. पोरगी वाळून गेलती. "रंगाला जायचं म्हणून रडती," ती ताईला म्हणाली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मंग फळीपाशी गेली, करवंट्या बघितल्या. लाल बी व्हता, आमिनाबीनं धाडलेला, जिलेबीचा. तुळजाबाई माझ्याकडं वळली. "छबे, इकडं ये. आधी तू चाट. माझ्या नातीसमोर. रोज."

ताई म्हणाली, "तुळजाआजी, मी चाटते की."

"तू न्हाई. ती."

मी चाटला. पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी. मंग लालमधी बोट घातलं. चाटला. ईश्वरी आजीच्या लुगड्यामागनं बघत व्हती. मी तिच्यापुढं उकिडवी बसले.

ती म्हणाली, "जीभ दाखव."

मी दाखवली. तिनं लई येळ बघितली. वाकून आतपर्यंत बघितली. मंग आजीचं बोट सोडलं, सदरा मागितला, आन् पिवळ्यात हात घातला.

दिवाळी झाली, निम्मी पोरं ऊसतोडीला गेली. ईश्वरी हाय. रोज सकाळी ती पळत येती, चपला कुठं बी फेकती, आन् माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हाती. मी समदे रंग चाटते, जीभ काढते. ती बघती. लालला तिनं अजून हात लावला न्हाई. मी रोज लाल चाटते, रोज तिला दाखवते, आन् रोज ती म्हणती, "उद्या."